दाजी, अक्का आणि लाल गाडीचा क्लच

फोन अक्काचाच आला, आणि तिथंच मला काहीतरी बिनसल्याचं कळलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण कांता, लातूरला दिलेली. ती आपणहून कधी फोन लावत नसे. फोन दाजी लावायचे, आधी चार वाक्यांत माझी टिंगल करायचे आणि मग "घे गं, तुझा लाडका भाऊ" म्हणून तिच्या हातात द्यायचे. त्या दिवशी उन्हं कलताना मी नांदेडच्या माझ्या चष्म्याच्या दुकानात एका आजोबांच्या नाकावर नवी फ्रेम बसवून बघत होतो. तेवढ्यात फोन वाजला आणि पलीकडून थेट अक्काचा आवाज. "बाळ्या, दाजी गेले रे. दुपारी दुकानातच त्रास झाला. दवाखान्यात नेलं, पण हाती लागले न्हाईत. तू गडबड करू नको. दोन घास खाऊन निघ, अन् ड्रायव्हरला गाडी हळू चालवायला सांग." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. आजोबा आपले विचारतायत, "कशी दिसायली फ्रेम?" आणि माझ्या डोक्यात एकच... ज्या घरातला माणूस गेला, तिथली बाई मलाच जेवून निघ म्हणून सांगते? हिला धक्का बसलाय. हिचं आता काही खरं नाही.

खोटं कशाला बोलू, लातूरला जाताना सगळ्या रस्त्यानं मला दाजींचं दुःख कमी आणि अक्काची काळजी जास्त होती. एकटीनं काही करायची तिला सवयच नव्हती. दळण आणायला जायचं तरी शेजारीण सोबत लागायची. माहेरी यायचं तर दाजींनी आणून सोडायचं आणि मी नेऊन पोचवायचं, हा आमच्या घरचा ठरलेला शिरस्ता. कार्याला कुठली साडी नेसायची, हे साड्यांच्या दुकानदाराची बायको असून ती नवऱ्याला विचारायची. आई जाताना माझा हात धरून म्हणाली होती, "कांताकडं बघ रं बाबा, ती लई भोळी हाय." तेव्हा दाजी होते, म्हणून मी निवांतपणे 'हाव' म्हणत मान डोलावली होती. आता दाजीच नव्हते. त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची, बेंगळुरूला नोकरीला. मी गाडीत बसतोय तोच तिचा रडत फोन आला, "मामा, आई एकटी कशी राहील? तू तिला नांदेडला घेऊन जा." मी म्हटलं, "त्यात काय विचारायचं? घेऊनच येतो." अहमदपूर यायच्या आत आमच्या घरातली अक्काची खोलीसुद्धा मी मनाशी ठरवून टाकली.

दाजी म्हणजे शिवराजअप्पा. गंजगोलाईत, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेत, त्यांचं साड्यांचं दुकान, वडिलांनी टाकलेलं. आवाज असा, की गोलाईच्या एका अंगाला हाक मारली तर दुसऱ्या अंगाचा माणूस 'ओ' देईल. कपाळाला विभूती, अंगात पांढराशुभ्र शर्ट, आणि 'न्हाई' हा शब्द तोंडातून निघायचा नाही. अशा माणसानं पन्नाशी ओलांडल्यावर हैदराबादहून एक जुनी, लालभडक, दोन सीटची स्पोर्ट्स कार विकत आणली. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच फुकटची जाहिरात नको. गाडी इतकी बुटकी, की लातूरच्या प्रत्येक गतिरोधकावरून ती तिरकी करून उतरवावी लागायची. अक्का पहिल्यांदा आत बसली आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर न्हाणीत पाटावर बसल्यावानी वाटायलंय." मी विचारलं, "दाजी, दोनच माणसं बसतात हिच्यात. पाव्हणे आले तर?" म्हणाले, "म्हणून तर घेतली. मागं बसून सल्ले द्यायला पाव्हणा नको. तू सुद्धा." बायकोचा भाऊ म्हटल्यावर एवढं ऐकून घ्यावंच लागतं.

पण लाल गाडी आणि 'न्हाई' न म्हणणारा मालक, असं जमून आल्यावर लातूरचे लोक सोडतात होय? दुकानात लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं गिऱ्हाईक साड्यांबरोबर गाडीही ठरवून जायला लागलं. "अप्पा, बस्ता तुमच्याकडंच बांधला, आता परण्याला गाडी बी तुमचीच." परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेऊन मांडवात आणायची मिरवणूक. पुढं बँड, बँडपुढं नाचणारी मंडळी, आणि मागं दाजींच्या शेजारी फेटा छताला घासत बसलेला नवरदेव. करवलीला जागा नाही म्हणून ती रुसलेली. नाचणारे चार पावलं सरकले की गाडी चार पावलं, मग पुन्हा उभी. हायवेवर पळण्यासाठी बनवलेली गाडी अर्धा क्लच दाबून तासन्‌तास बँडमागं रांगायची. गाडी चालवणाऱ्याला माहीत असतं, अर्धवट दाबलेला क्लच नुसता घासत राहतो आणि तापतो. औशाच्या एका परण्यात तो जळालाच. करपट वास सुटला, तर नाचणाऱ्यांना वाटलं फटाक्यांचा आहे, त्यांनी आणखी जोर केला. शेवटी नवरदेव खाली उतरला आणि फेटा सावरत गाडी ढकलायला लागला. दाजी हे सांगताना स्वतःच खो-खो हसायचे. "नवरदेवानं ढकलत नेलेला परण्या मराठवाड्यात माझाच!"

पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या घरी शब्द दिलेला, म्हणून त्यांनी लातुरातच घाईघाईनं नुसती क्लच प्लेट बदलून घेतली. बसवणारा म्हणाला होता, मागच्या सीलला तेलाचा ओलावा दिसतोय, बघू का? दाजी म्हणाले, राहू दे, तिथी जवळ आलीय. झालं. ते तेल झिरपत झिरपत काही महिन्यांत नव्या प्लेटवर उतरलं. आमच्या घराच्या वास्तुशांतीला अक्काला घेऊन येताना अहमदपूरच्या पुढच्या चढाला इंजिन नुसतंच बोंबलायला लागलं आणि गाडी जागची हलेना. इकडं आम्ही ताटं वाढून वाट बघतोय. मुहूर्त टळून गेल्यावर आमच्या दारासमोरून एक ट्रॅक्टर गेला. त्याच्यामागं दोराला बांधलेली लाल गाडी, गाडीत शालू नेसलेली, रागानं गाडीपेक्षा लाल झालेली अक्का, आणि दाजी स्टिअरिंग धरून आम्हाला हात करतायत, "आलोच रं बाळ्या, गाडी सोडून आलो!" ट्रॅक्टरवाला काही थांबला नाही. सगळे पाव्हणे हातातला घास तसाच धरून बघत राहिले.

गाडी सोडली ती आमच्या नांदेडच्या देगलूर नाक्याकडच्या खलीलभाईंच्या गॅरेजात. खलीलभाई म्हणजे दाजींचाच भाऊ शोभावा असा बडबड्या माणूस. मेंदी लावलेली दाढी, अत्तराचा घमघमाट, आणि आपल्या कामाची तारीफ आपणच करायची सवय. दुसऱ्या दिवशी मी आणि दाजी तिथं गेलो. दाजी म्हणाले, "खलीलभाई, क्लच तेवढा बदलून द्या." खलीलभाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "नुस्ता क्लच? नक्को अप्पा. फिर मेरे गॅरेज का नाम बी नको लेव." मग त्यांनी आम्हाला गाडीखाली वाकवून दाखवलं. क्लच बसतो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे. तिथवर हात पोचवायचा तर अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, आणि सगळी मेहनत त्या उतरवण्या-चढवण्यातच जाते. म्हणून तो एकदा खाली आला, की त्याच्या आड दडलेलं सगळं तेव्हाच उरकायचं. क्लच दाबणारं बेअरिंग बदलायचं, इंजिनच्या मागचं तेलाचं सील नवं टाकायचं. क्लच ज्याला चिकटतो ते जड चाक, फ्लायव्हील, तापून निळं पडलं असेल तर लेथवर सपाट करून आणायचं. गिअरचं तेल, क्लचच्या नळीतलं तेल ताजं भरायचं, इंजिनाखालचे रबर चिरलेत का तेही बघायचं. दाजींनी विचारलं, "म्हंजे जे बिघडलंच न्हाई, ते बी बदलायचं?" खलीलभाई म्हणाले, "अप्पा, आज अच्छा दिखता. चार महिने में गया, तो मैं फिर डब्बा उतारूंगा, अन् तुमे मेरेकूच गाली देंगे." दाजींनी पाठीमागं वळून मला विचारलं, "बाळ्या, काय करू?" मी म्हटलं, "मला विचारू नका, मला चष्म्याच्या स्क्रूच्या पुढचं काही कळत नाही." दाजींनी सगळं करून घेतलं.

आणि त्या दिवसापासून त्यांना ते वेडच लागलं. "उघडलंच हाय तर..." हे पालुपद झालं. माळ्यावरचं पातेलं काढायला शिडी लावली? लावलीच हाय तर पंखे पुसून घ्या. शेजारच्या पाटलांनी बोअरची मोटर वर काढली, तर हे लुंगीवर तिथं हजर, "काढलीच हाय तर पाइप बी बघून घ्या, पाटील." माझी दाढ काढायची होती, तर डॉक्टरीणबाईंना फोन करून म्हणाले, "तोंड उघडंच हाय तर बाकीचे बी बघा, लई बोलून झिजले असतील." अक्का कपाळाला हात लावायची. "ह्यांच्यासमोर लोणच्याची बरणी उघडायची चोरी झालीय," म्हणायची. पण खरं सांगायचं तर गाडीनं त्यानंतर रस्त्यात कधी दगा दिला नाही. आणि परण्याला गाडी मागणाऱ्यांना दाजी आयुष्यात पहिल्यांदा अर्धं 'न्हाई' म्हणायला शिकले. "गाडी देतो. मारुतीसमोर उभी करू, फोटो काढा, हार घाला. रांगायची मात्र न्हाई."

मग त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. लातूरला दवाखान्यांची काय कमी? सर्जनसाहेबांसमोर बसून दाजींनी आपलं पालुपद लावलंच. "साहेब, पोट उघडायचंच हाय, तर बाकीचं बी बघून घ्या." डॉक्टर हसले. म्हणाले, "अप्पा, पोट म्हणजे तुमची गाडी नव्हे. पण भूल द्यायच्या आधी तपासण्या करायच्याच आहेत. तुमचा एवढा आग्रह आहे तर हृदयाची टूडी इकोही करून टाकू." ती केली आणि डॉक्टरांचं हसू मावळलं. हृदय पुरेशा जोरानं चालत नव्हतं. बऱ्याच दिवसांचं दुखणं, आणि कुणाला पत्ता नाही. हे न बघता तशीच भूल दिली असती तर मोठा धोका होता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. ऑपरेशन पुढं ढकललं, गोळ्या सुरू झाल्या, गाडी चालवायला बंदी आली. "किती दिवस हायती?" असं दाजींनी सरळ विचारलं. डॉक्टरही सरळ म्हणाले, "नीट राहिलात तर वर्षं जातील. पण भरवसा देता येणार नाही." अक्का शेजारीच बसलेली. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, ते घरी येईपर्यंत सोडलं नाही.

मी भेटायला गेलो. वाटलं, दाजी खचले असतील. कसचं काय! झोपाळ्यावर बसून शेंगा फोडत होते. "ये बाळ्या. डॉक्टरनं मला खाली उतरवलंच हाय, तर राहिलेली कामं उरकून घ्यायलोय." मी म्हटलं, "कुठली कामं?" त्यांनी मानेनं स्वयंपाकघराकडं खूण केली. "तुझी बहीण." मग मला कळलं, की अक्का आठवडाभर रोज त्यांच्याबरोबर दुकानात जाऊन बसतेय, कुठला माल कुठून येतो, कुठल्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते शिकतेय. बँकेत तीच जाते, दाजी बाहेर पायरीवर बसून राहतात. आणि सकाळी सकाळी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी दारात येते. मी चाट पडलो. अक्का आणि गाडी? "आधी त्या पांढऱ्या गाडीवर हात बसू दे," दाजी म्हणाले, "मग लाल."

लाल गाडीची पहिली शिकवणी मी बघितली. औसा रोडला प्लॉट पाडून ठेवलेलं एक मोकळं मैदान होतं. अक्का स्टिअरिंगवर, दाजी शेजारी, आणि मला जागा नाही म्हणून मी त्यांची स्कूटर घेऊन मागं धूळ खात. त्या गाडीचा क्लच मोठा तिखट. जरा पाय लवकर सुटला की गाडी बेडकासारखी उडी मारून बंद. क्लच सोडताना अक्काचा पाय थरथरायचा, प्लेट घासायची, तोच करपट वास यायचा. मी एकदा क्लचवर पाय विसावून गाडी चालवली होती, तेव्हा ह्याच माणसानं मला रस्ताभर फाडून खाल्लं होतं. आता म्हणत होते, "जळू दे गं. क्लच बाजारात मिळतो." अक्का हळूहळू सावरली. मैदानाला एक फेरी नीट झाली, दुसरी झाली. आणि तिसऱ्या फेरीला तिनं मधेच गाडी थांबवली, दार उघडलं आणि बाहेर येऊन मुरमाच्या ढिगावर बसली. "मला न्हाई शिकायचं."

दाजीही उतरले. "काय झालं? चांगली तर चालवायलीस."

"म्हणूनच," अक्का म्हणाली. "मला सगळं यायला लागलं, की तुम्ही जायला मोकळे. मी शिकतच न्हाई. बघू कसे जाता."

मी स्कूटर बंद करून लांबच थांबलो.  गुडघ्यावर हात टेकत दाजीही तिच्या शेजारी मुरमावर बसले, पांढऱ्या पँटीची पर्वा न करता. "कांता," म्हणाले, "तू शिकली न्हाईस तरी मी जायचाच हाय. शिकलीस तर जाताना माझा जीव तुझ्यात अडकून राहायचा न्हाई. एवढंच." अक्कानं डोळे पुसले, नाक शिंकरलं, उठली आणि गाडीत जाऊन बसली. आणि काय सांगू, गाडीनं सगळ्यात मोठी उडी तेव्हाच मारली! दाजींचं डोकं छताला आपटलं. "अगं, आत्ताच धाडतीस का काय!" म्हणून ओरडले, आणि दोघंही हसायला लागले... खिडकीतून त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता आणि मी तिकडं स्कूटरच्या आरशात बघून डोळ्यांत धूळ गेल्याचं नाटक करत होतो.

त्यानंतर दाजी दोन-अडीच वर्षं जगले, आणि चांगले जगले. गोलाईत अक्का गाडी लावायची, शेजारच्या सीटवरून दाजी रुबाबात उतरायचे आणि दुकानदारांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "ड्रायव्हर लई कडक मिळालीय, काच बी खाली करू देईना." कुणी हसलं तर त्यांना बरंच वाटायचं. अक्का दुकानात बसून साडीचा घोळ उलगडत गिऱ्हाइकाला "हा रंग तुम्हाला न्हाई शोभत, ताई" असं तोंडावर सांगायला लागली. हे सगळं मी ऐकत होतो, बघतही होतो. तरी माणसाचं डोकं कसं असतं बघा, दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या डोक्यात उभी राहिली ती दळणाला सोबत मागणारी जुनीच अक्का.

त्या रात्री घर माणसांनी भरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दाजींना आमच्या रीतीप्रमाणे दहन न करता जमिनीत बसवून समाधी दिली. सगळे पांगल्यावर अक्कानं मला काय झालं ते सांगितलं. दुपारचं जेवण झालं, दाजी गादीवर लोडाला टेकले आणि म्हणाले, "कांता, बरं वाटंना." तिनं दुकानातल्या दोघांना हाक मारली, दाजींना उचलून लाल गाडीत बसवलं आणि स्वतः गाडी काढली. भर दुपारची गोलाई, हातगाडे, रिक्षा, माणसं... "हॉर्नवरचा हात काढला न्हाई मी," अक्का म्हणाली. "गाडीत ते एकच बोलले. 'गिअर लई मऊ टाकायलीस गं.'" दवाखान्यात नेल्या नेल्या डॉक्टर धावले, पण उन्हं कलायच्या आत सगळं संपलं. डॉक्टरांनी तिला जवळ बसवून सांगितलं, की तुम्ही जराही उशीर केला नाही, हे थांबणारं नव्हतंच. "बाळ्या, रिक्षा येळेवर मिळाली असती तर, कुणी सोबत असतं तर... हे मला जन्मभर म्हणत बसायला लागलं असतं. ते न्हाई लागणार." कुणी गेल्यावर असं म्हणू नये, पण मला तेव्हा फार हायसं वाटलं. आमच्या माणसाचं मरण साधं झालं. त्याच्या मागं 'जर' आणि 'तर' राहिले नाहीत.

महिना-सव्वा महिना गेला आणि मी तिला न्यायला लातूरला गेलो. तिकडं बायकोनं खोली रिकामी केली होती, शिलाई मशीन हॉलमध्ये सरकवली होती, नवी गादी भरून घेतली होती. काय बोलायचं ते मी पाठ करून गेलो होतो. एकटी बाई, एवढं घर, भाचीला काळजी, लोक काय म्हणतील, सगळं सगळं. अक्का साड्यांच्या घड्या घालत शांतपणे ऐकत राहिली आणि म्हणाली, "हाव, जाऊ की नांदेडला. उद्याच निघू." माझा जीव भांड्यात पडला. अंगणात जाऊन बायकोला फोन केला, "तयार झाली गं!" सकाळी बघतो तर अक्काच्या हातात एक लहानशी पिशवी. म्हटलं, "एवढंच?" म्हणाली, "मग काय अख्खं घर घेऊ?" मी म्हटलं, ठीक आहे, बाकीचं सामान मागाहून टेम्पोनं आणू.

लाल गाडीत मी दाजींच्या जागेवर बसलो. सगळ्या रस्त्यानं माझा एक हात दाराच्या मुठीवर. अहमदपूरच्या पुढच्या चढाला अक्का म्हणाली, "ऐक. रेस वाढायलीय, पण गाडी ओढंना. क्लच संपत आलाय." माझ्या डोळ्यांसमोर तो ट्रॅक्टर उभा राहिला. पण तिनं खालचा गिअर टाकला, पाय हलका केला आणि गाडी आस्ते आस्ते चढ चढून गेली. नांदेडात शिरल्यावर आमच्या घराचं वळण आलं आणि गेलं. म्हटलं, "अक्का, वळण मागं राहिलं." तिनं नुसता गिअर बदलला. गाडी थांबली ती खलीलभाईंच्या दारात.

खलीलभाई बाहेर आले. लाल गाडीतून दाजींच्या जागेवरून मी उतरलेला बघितला आणि त्यांचा चेहराच पडला. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, "भाभी, अप्पा के बगैर ये गाडी..." आणि बाहीला डोळे पुसायला लागले. अक्काचेही डोळे भरले. तिनं पदरानं ते टिपले आणि म्हणाली, "खलीलभाई, तुम्ही रडला की मला बी रडू येतंय. आधी गाडी बघू. मी फोनवर सांगितलेलं सामान आलंय ना? बेअरिंग अन् सील बी? अन् गिअरबॉक्स खाली घेतलाच तर फ्लायव्हील मला दाखवल्याबिगर चढवायचा न्हाई." खलीलभाई टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "हौ भाभी, हौ. अप्पा तो सिर्फ पूछते थे. तुमे तो हुकूम देरे." मग ती माझ्याकडं वळली. "दोन दिवस लागतील म्हणतात. तवर तुझ्याकडं राहते. अन् आलेच हाय तर माझे डोळे तपास, लांबचं जरा धूसर दिसायलंय."

मी तिथंच उभा. "म्हणजे... तू कायमची नाही आलीस?"

"कायमची?" अक्का माझ्याकडं अशी बघायला लागली, जशी लहानपणी मी शेंबूड पुसला नाही की बघायची. "अरे, लग्नसराई तोंडावर आली. दुकान तू उघडणार हायस का?"

दोन दिवस ती नव्या गादीवर झोपली, बायकोच्या हातचं धपाटं खाल्लं, खोलीचं कौतुक केलं. "असू दे अशीच. दिवाळीला माहेरपणाला येईन." एका रात्री मात्र तिच्या खोलीतून हुंदके ऐकू आले. बायको आत गेली आणि बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिली. सकाळी अक्का उठून अंघोळ करून तयार. मी तिचे डोळे तपासले, नंबर वाढलाच होता, नवा चष्मा करून दिला. गाडी आली. खलीलभाईंनी जुनी प्लेट, जुनं सील सगळं कापडात बांधून दाखवायला आणलेलं, आणि नव्या क्लचला थोडे दिवस जपून चालवा म्हणून दहादा बजावलं. निघताना बायकोनं अक्काच्या तळहातावर दही घातलं. मी खिडकीशी वाकलो. म्हटलं, "अक्का, घाबरू नको हं." ती म्हणाली, "घाबरते की. पण घरी तर जायचंय ना?" तिनं क्लच दाबला, गिअर पडला, आणि लाल गाडी कोपऱ्यावरून वळून गेली. मी तिला आणायला गेलो होतो, आणि दारात हात हलवत उभा मीच राहिलो होतो.

दुपारी जेवण अर्ध्यावरच सोडलं. दुकानात गेलो आणि लगेच परत आलो. फोन सारखा हातात. चारच्या सुमारास वाजला एकदाचा.

"बाळ्या, पोचले. गाडी एकदम झ्याक चालली. लोह्याला हॉटेलात थांबून चहा बी प्याले."

"एकटीनंच?"

"हाव. सवयीनं दोन सांगितले बघ. मग काय करणार, दोन्ही मीच प्याले. चल, ठेव आता, दुकानात माणसं आलीत."

फोन ठेवला, आणि दाजी गेल्यापासून जे अडून बसलं होतं ते सगळं एकदम डोळ्यांवाटे वाहायला लागलं. बायको हातातलं पीठ न झटकताच स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, काय झालं? वन्सं बऱ्या आहेत ना?"

म्हटलं, "काही नाही गं. पोचली."